हंबकरच्या तळाची पट्टी

हंबकर पिकअप उलटा करून तळाचे चार स्क्रू सैल केले की दोन कॉइलींच्या खालून एक करडी पट्टी सरकवून बाहेर काढता येते. अडीच इंच लांब, अर्धा इंच रुंद, इंचाचा आठवा हिस्सा जाड. ही पुस्तिका त्या पट्टीवर आहे. लेस पॉल किंवा एसजी वाजवणारे, आणि १९५०च्या दशकातल्या गिब्सनच्या आवाजाचा ध्यास घेतलेले लोक एकत्र जमले की तिचा विषय निघतोच. कोणी सांगतं की खरा जुना आवाज ॲल्निको २चाच. कोणी ५शिवाय दुसरं नाव घेऊ देत नाही. दोन्ही बाजू ठाम असतात, आणि दोन्हींनी पट्टी बदलून, आवाजाची पातळी सारखी करून, शांतपणे ऐकलेलं असतंच असं नाही. माझं म्हणणं असं की जुन्या हंबकरचा एक 'खरा' मॅग्नेट कधी नव्हताच. म्हणून ही निवड कॅटलॉगमधल्या आकड्यापासून सुरू करून चालत नाही. ती हातातल्या गिटारपासूनच सुरू करावी लागते.

हे पटण्यासाठी आधी मिशिगन राज्यातल्या कलमाझू गावात डोकवायला हवं. गिब्सनचा कारखाना तिथे होता आणि सेथ लव्हर हा तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, रेडिओच्या कामात मुरलेला. तेव्हा गिब्सनच्या गिटारींवर पी-९० हा एका कॉइलचा पिकअप असे. त्याचा आवाज भरदार, पण ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा ट्यूबलाइटखाली गेलं की तो घुमायला लागे. ॲम्प्लिफायरमधला हम घालवण्यासाठी लव्हरने चोकच्या गुंडाळ्या एकमेकींविरुद्ध जोडून पाहिल्या होत्या. मग पिकअपलाही तीच युक्ती का लावू नये, असं त्याच्या मनात आलं. दोन कॉइली शेजारी ठेवायच्या, एकीच्या खांबांना चुंबकाची उत्तर बाजू, दुसरीच्या खांबांना दक्षिण, आणि कॉइलींची जोडणी एकमेकींच्या उलट. बाहेरून येणारा हम दोन्हींत सारखाच शिरतो आणि उलट जोडणीमुळे खोडला जातो. तारेचा सिग्नल मात्र चुंबकाच्या बाजू बदलल्यामुळे आधीच एकदा उलटलेला असतो, तो दुसऱ्यांदा उलटतो आणि बेरजेत येतो. तिकडचा विजेचा हम ६० हर्ट्झचा, आपल्याकडचा ५०चा. युक्ती दोन्हीकडे सारखीच लागू पडते. साधारण त्याच सुमारास इलिनॉयमधला रे बट्स हा गृहस्थ स्वतंत्रपणे याच कल्पनेवर काम करत होता. त्याचा पिकअप ग्रेच कंपनीच्या गिटारींवर गेला.

लव्हरच्या पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ रोजी दाखल झाला आणि २८ जुलै १९५९ रोजी ते मंजूर झालं. १९५७च्या सुमारापासून पिकअपच्या तळाला 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची बारीक चिठ्ठी चिकटवली जाऊ लागली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पिकअपना आजही पीएएफ म्हणतात. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक आला, पण तो या पिकअपचा नव्हताच. लेस पॉलच्या नावावरच्या टेलपीसच्या पेटंटचा होता. जुने पिकअप ओळखणारे लोक आजही हा तपशील आवर्जून सांगतात.

आता पट्टीकडे येऊ. पी-९०च्या कॉइलखाली दोन चुंबकपट्ट्या असत. हंबकरला त्याच मापाची एकच पट्टी पुरली. कारखान्याला पट्ट्या मापात बसणाऱ्या आणि ॲल्निकोच्या हव्या होत्या. त्या कुठल्या प्रतीच्या, यावर तिथे कोणी अडून बसलं नव्हतं. मिळेल तो ॲल्निको वापरत असू, अशा अर्थाचं लव्हरने स्वतःच पुढे सांगितलं. म्हणूनच १९५७ ते १९६१ या काळातले पिकअप उघडले की कुठे २, कुठे ३, कुठे ४, कुठे ५ सापडतो. १९६१च्या सुमारास पट्टी थोडी आखूड झाली आणि मग बहुतेक ५च येऊ लागला. तारेच्या वेढ्यांचीही तीच गत. ४२ गेजची, साध्या इनॅमलची, जांभळट तपकिरी तार. एका कॉइलवर साधारण ५,००० वेढे. पण मोजणी काटेकोर नव्हती. दोन कॉइलींचे वेढे क्वचितच समान भरत, आणि पूर्ण पिकअपचा रोध साडेसातपासून नऊ किलोओहमपर्यंत कुठेही येई. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर बनलेले दोन पीएएफ एकमेकांशी जुळतीलच याची खात्री नाही.

१९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट लेस पॉल गिटारी तेव्हा फारशा खपल्या नाहीत. १९६१मध्ये तो आकारच बाजूला सारून आज ज्याला एसजी म्हणतात तो आणला गेला. मग १९६६मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर एरिक क्लॅप्टनने लेस पॉल आणि मार्शल ॲम्प्लिफायर यांची जोडी ऐकवली, पाठोपाठ माइक ब्लूमफील्ड, पीटर ग्रीन, जिमी पेज, ड्वेन ऑलमन, बिली गिबन्स आले, आणि त्या पडून राहिलेल्या गिटारींचा शोध सुरू झाला. पण या सगळ्यांचा आवाज कान देऊन ऐका. ऑलमनचा लांबवलेला, गोल स्वर आणि गिबन्सच्या गिटारची तुटक, खरबरीत धार यांत किती अंतर आहे! दोघांकडेही पीएएफच आहे. आपण ज्याला जुना आवाज म्हणतो त्याचा विस्तार एवढा मोठा आहे. त्या विस्तारातलं आपल्याला नेमकं काय हवं आहे हे ठरवल्याशिवाय मॅग्नेटचा नंबर विचारण्यात अर्थ नाही.

ॲल्निको ही लोह, ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि थोडं तांबं यांची मिश्रधातू. तिचं मूळ १९३१मध्ये जपानमध्ये आहे. तोकुशिची मिशिमा यांनी लोह, निकेल आणि ॲल्युमिनियम एकत्र आणून तोवरच्या पोलादी चुंबकांपेक्षा कितीतरी जोरदार चुंबक बनवला. कोबाल्ट त्यात नंतर आला. आज ज्या प्रती मिळतात त्यांतल्या २मध्ये कोबाल्ट सुमारे १३ टक्के, ४मध्ये जेमतेम ५ टक्के, ५मध्ये २४ टक्के, आणि ३मध्ये अजिबात नाही. त्यामुळे हे आकडे म्हणजे ताकदीची चढती पायरी, असं कोणीही समजू नये. ते केवळ प्रतींचे क्रमांक आहेत. ५चं वेगळेपण त्याच्या कोबाल्टइतकंच त्याच्या थंड होण्यात आहे. तो तापलेला असतानाच चुंबकीय क्षेत्रात धरून निववला जातो, त्यामुळे त्याची अंतर्रचना एका दिशेने लागते आणि त्या दिशेला तो फार जोरदार होतो. २, ३ आणि ४ असे दिशेत बांधलेले नसतात. काही कारागीर मुद्दाम दिशा न दिलेला ५ वापरतात. तो नेहमीच्या ५पेक्षा मवाळ असतो, आणि माझ्या मते ब्रिजच्या पिकअपसाठी आज मिळणाऱ्या पर्यायांत तो सर्वांत कमी वापरला गेलेला चांगला पर्याय आहे.

कागदावरचे आकडे बघितले तर ५मध्ये शिल्लक राहणारं चुंबकत्व सुमारे १२,५०० गॉस, २मध्ये ७,५००, ३मध्ये ७,०००, ४मध्ये ५,५००च्या आसपास. यावरून वाटतं की ४ सर्वांत दुबळा. पिकअपमध्ये तसं होत नाही, आणि ते का होत नाही हे समजून घेणं या विषयात सर्वांत उपयोगाचं आहे. मोकळा ठेवलेला प्रत्येक चुंबक स्वतःलाच थोडाफार पुसत असतो, आणि त्याच्या उत्तर-दक्षिण बाजू जितक्या जवळ तितका हा परिणाम मोठा. हंबकरच्या पट्टीचे ध्रुव तिच्या लांब कडांवर असतात. म्हणजे दोन ध्रुवांत अंतर जेमतेम अर्ध्या इंचाचं. स्ट्रॅटोकास्टरच्या उभ्या, बारीक दांड्यांना हा त्रास कमी होतो. आडव्या पट्टीला बराच. अशा वेळी मूळ जोर किती, यापेक्षा तो पुसला जायला चुंबक किती विरोध करतो हे जास्त महत्त्वाचं ठरतं. हा विरोध ४मध्ये सुमारे ७२० ओर्स्टेड, ५मध्ये ६४०, २मध्ये ५६० आणि ३मध्ये ४८०. म्हणून प्रत्यक्ष पट्टीच्या कडेला गॉसमीटर लावला की ४ हा २च्या बरोबरीला येतो, कधी थोडा पुढेही जातो. ३ सर्वांत मागे राहतो. आणि ५ पुढे असला तरी कागदावर दिसतो तितका नाही. बॉबिनमधले पोलादी खांब ही घट थोडी भरून काढतात, इतकंच. यातून आणखी एक गोष्ट निघते. पट्टी पिकअपमध्ये बसवल्यावर भारली तर तिचा जोर बाहेर भारून मग बसवलेल्या पट्टीपेक्षा थोडा जास्त टिकतो. दोन सारख्या पिकअपमध्ये कधीकधी जाणवणाऱ्या फरकाचं हे एक अगदी साधं कारण असू शकतं.

जोर हा भाग झाला. दुसरा भाग फारसा बोलला जात नाही, आणि माझ्या मते कानाला तोच अधिक कळतो. पट्टी दोन्ही कॉइलींच्या चुंबकीय वाटेत बसलेली असते, म्हणून तिचा धातू कॉइलच्या इंडक्टन्समध्ये भर घालतो. २ आणि ३ ही भर थोडी जास्त घालतात, ४ आणि ५ कमी, सिरॅमिक जवळजवळ काहीच नाही. जुन्या वळणाच्या हंबकरचा इंडक्टन्स ४ ते ५ हेन्री धरला आणि केबलची कपॅसिटन्स ५००-६०० पिकोफॅरड, तर पिकअपचा आवाज तीन किलोहर्ट्झच्या आसपास उंचावतो आणि त्यापुढे उतरत जातो. मानवी कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथे उंचवटा थोडा खाली सरकला की आवाज उबदार झाला असं आपण म्हणतो, वर सरकला की उघडा झाला असं. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर कानस फिरवावी आणि तोच तंबोरा वेगळा बोलू लागावा, त्या जातीचं हे काम आहे. बदल लहानच, पण स्वर जिथून उमलतो नेमका तिथला.

आता कानाला काय ऐकू येतं ते. ॲल्निको २चा आघात मऊ असतो. प्लेक्ट्रम तारेवर पडतं तो पहिला क्षण किंचित दबलेला येतो, मग स्वर फुलतो; खर्जाच्या तारा थोड्या सैल वाटतात आणि मधला भाग पुढे येतो. नेकच्या जागी लांब स्वर वाजवणाऱ्याला हे आवडतं, पण मुळातच गडद असलेल्या जड महोगनीच्या गिटारमध्ये हाच मऊपणा चिखल होऊन बसतो. ॲल्निको ३ त्याहून हलका, पण त्याची टीप अधिक स्वच्छ; आवाज कमी असल्यामुळे तो ॲम्प्लिफायरला कमी ढकलतो, आणि ज्याला व्हॉल्यूमच्या खुंटीवर वाजवायची सवय आहे त्याला तो फार देतो. ॲल्निको ४ स्वतःचा रंग कमीत कमी घालतो. खर्ज घट्ट, वरची बाजू खुली, मध्य सपाट. गिटारचं लाकूड आणि वादकाचा हात चांगला असेल तर मी आधी ४ ऐकायला सांगतो, कारण तो दोन्हींना झाकत नाही. ॲल्निको ५मध्ये खर्ज भक्कम, तार सप्तक चमकदार, मध्य किंचित आत गेलेला आणि आघात तत्काळ. ब्रिजवर, विशेषतः वेढे कमी असतील तर, तो उत्तम बसतो. नेकवर मात्र तो बहुतेक वेळा खर्जात जास्त बोलतो. हे सगळं ऐकताना एक काळजी घ्यावी. जोरदार पट्टी मोठा सिग्नल देते, आणि मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना ॲम्प्लिफायरची खुंटी फिरवून दोन्हींची पातळी सारखी केलीच पाहिजे. तसं केलं की ऐकलेल्या फरकातला निम्मा विरघळतो, आणि उरलेला निम्मा खरा असतो.

मग जुन्या पट्ट्या म्हातारपणी दुबळ्या होतात, त्यातूनच तो गोडवा येतो, या समजुतीचं काय? ॲल्निको हा फार टिकाऊ चुंबक आहे. नुसत्या काळाने तो दशकानुदशकांतही नगण्यच उतरतो, आणि त्याचं चुंबकत्व पूर्ण जायला ८०० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागते. त्याला उतरवतं ते दुसऱ्या जोरदार क्षेत्राचं सान्निध्य. मोठ्या स्पीकरच्या चुंबकाजवळ वर्षानुवर्षं पडून राहणं, किंवा दुरुस्तीच्या टेबलावर सारखे ध्रुव समोरासमोर येऊन पट्ट्या एकमेकींवर आपटणं. त्यामुळे काही पीएएफ उतरलेले सापडतात, काही जवळजवळ जसेच्या तसे. आजचे कारागीर निओडिमियमचा तुकडा पट्टीजवळून फिरवून मुद्दाम हा उतार आणतात. हे वावगं नाही, पण जुन्या आवाजाची हमी त्यातून मिळते असं समजू नये. आपली पट्टी कधीही, कितीही खाली आणता येते. पूर्ण भारायला मात्र यंत्र लागतं. म्हणून घेताना पूर्ण भारलेली घ्यावी.

सुटी पट्टी घेताना पृष्ठभागाकडेही नजर टाकावी. ओतीव, खडबडीत अंगाची पट्टी जुनी दिसते म्हणून महाग विकली जाते. तिच्या दोन लांब कडा घासून सपाट केलेल्या असायला हव्यात, कारण खांब आणि स्क्रूखालची पोलादी पट्टी यांना त्या कडा पूर्ण टेकल्या नाहीत तर चुंबकाच्या वाटेत हवेची फट राहते. बाकी अंग कसंही असो.

कव्हर जर्मन सिल्व्हरचं असेल तर ठीक. पितळेचं असेल तर त्यात फिरणारे प्रवाह वरचा आवाज खातात आणि मग कुठलीही पट्टी टाकली तरी तो परत येत नाही. मला दाखवायला आणलेल्या कितीतरी मंद आवाजाच्या स्वस्त पिकअपचं निदान एवढंच असतं. तसंच तारांचं. १९५०च्या दशकात तारांवरचं वेटाळं शुद्ध निकेलचं असे, आजच्या बहुतेक तारांवर निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद असतं. ते चुंबकाला जास्त प्रतिसाद देतं आणि खर्ज उजळ करतं. जुन्या पट्टीबरोबर जुन्या जातीची तार लावली की कित्येकांना हवं ते तिथेच मिळतं.

ध्रुवांची दिशा हा वेगळा विषय, आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये आहे. तिच्या नेकच्या पिकअपमधली पट्टी उलटी बसलेली आहे. एकेक पिकअप वाजवला तर काहीच कळत नाही, हमही पूर्वीसारखाच खोडला जातो, कारण दोन्ही कॉइलींचे ध्रुव एकदमच उलटतात. पण स्विच मधल्या जागी आला की दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध जातात, खर्ज वजा होतो आणि नाकातून आल्यासारखा, पोकळ, विलक्षण भावपूर्ण स्वर उरतो. ही गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, २०१४मध्ये मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आली. तुम्हाला हा आवाज हवा असेल तर पट्टी उलटी घाला. नको असेल तर काढण्याआधी तिच्या कडेला होकायंत्र लावून कुठली बाजू कुठे होती ते पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि नवी पट्टी त्याच दिशेने सरकवा.

सिरॅमिक आणि ॲल्निको ८ यांना या पुस्तिकेत मी फार जागा दिलेली नाही. १९७२मध्ये डिमार्झिओच्या सुपर डिस्टॉर्शनने सिरॅमिकचा जो मोठा, दाट आवाज आणला त्याचं मोल मी मानतो, पण तो या वाटेवरचा नाही. स्वतः सेथ लव्हर १९६७मध्ये फेंडरमध्ये गेला, आणि तिथे त्याने जो हंबकर बनवला त्यात खालची पट्टीच नव्हती. तांबं, निकेल आणि लोह यांच्या मिश्रधातूचे, आटे पाडता येणारे चुंबकाचे स्क्रूच त्याने खांब म्हणून वापरले. ज्या पट्टीवर आपण इतका जीव टाकतो, ती तिच्या जनकाला अपरिहार्य वाटत नव्हती.

हे सारं लक्षात घेऊन पुढच्या प्रकरणांचा क्रम लावला आहे. पहिल्या प्रकरणात मॅग्नेटचं नावही नाही. त्यात पिकअपची उंची आहे: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिजचा पिकअप तारेपासून साधारण दीड मिलिमीटर, नेकचा अडीचच्या जवळ, आणि तिथून कानाने पाव-पाव वळसा वरखाली. दुसऱ्यात ५०० किलोओहमचे पॉट खरोखर किती भरतात ते मीटरने मोजणं आणि केबलची लांबी. एवढं करूनही नेक गढूळच राहिला, किंवा ब्रिज कानाला टोचतच राहिला, तर तिसऱ्या प्रकरणात तारा सैल करून, कव्हरचं सोल्डर सोडवून, पट्टीला हात घालायचा. तेव्हा हातातला स्क्रूड्रायव्हर पितळी असावा. पोलादी असेल तर पट्टी तो ओढून घेते, आणि शेजारीच केसाएवढी बारीक ४२ गेजची तार असते.